उन्हाचं जीवनसत्त्व आणि छातीचे आजार
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे: डॉक्टरने घाबरवायचं नाही. अट मान्य. विषय मात्र तुम्हीच ठरवलात. आपल्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या काही वर्षांत आरोग्याचे जे निरोप फिरले, त्यांत डी जीवनसत्त्वाचे निरोप सगळ्यांत जास्त. एकजण लिहितो, डी चांगलं असेल तर फ्लू आणि कोविड काही करू शकत नाहीत. दुसरा लिहितो, सगळा औषध कंपन्यांचा धंदा आहे. खाली दोघांनाही अंगठे मिळतात, कधीकधी एकाच माणसाचे! मी छातीच्या आजारांची डॉक्टर, तेव्हा याचा निवाडा मीच करावा असं ठरलं. निवाडा शेवटी तुम्हीच करा, मी साक्षीपुरावे मांडते.

सुरुवात आपल्याच राज्यातल्या नाशिकपासून करते. शंभर वर्षांपूर्वी तिथे हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी मुडदुसाचा अभ्यास केला. मुडदूस म्हणजे लहान मुलांची हाडं मऊ राहून पाय वाकण्याचा आजार. त्या काळी समज असा की हा गरिबीचा आणि निकस अन्नाचा रोग. नाशकात उलटंच दिसलं. ज्या घरांत दूधदुभतं भरपूर पण बायका पडद्यात आणि तान्ही मुलं अंधाऱ्या खोलीत, तिथे मुडदूस होता. ज्यांच्या ताटात फारसं काही नव्हतं, पण आया शेतावर जायच्या आणि मुलंही त्यांच्याबरोबर उन्हात वाढायची, तिथे तो जवळजवळ नव्हता. हा अभ्यास 1922 मध्ये छापला गेला. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकॉलम यांनी कॉड माशाच्या यकृताच्या तेलातला मुडदूस बरा करणारा घटक वेगळा ओळखला आणि त्याला 'डी' हे अक्षर दिलं. म्हणजे नाशकात ऊन, तिकडे माशाचं तेल, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच पदार्थ. तो आपल्या कातडीत उन्हाने तयार होतो, पुढे यकृतात आणि मूत्रपिंडात त्याच्यावर संस्कार होतात आणि मग तो कामाला लागतो.

हाडांचा हा पदार्थ छातीच्या आजारात कुठून आला? जुन्या बालरोगतज्ज्ञांना एक गोष्ट ठाऊक होती, की मुडदुसाच्या मुलाला न्यूमोनिया लवकर होतो आणि जड जातो. त्याचं एक कारण उघड आहे. बरगड्या मऊ असल्या की छातीचा भाता नीट चालत नाही. दुसरं कारण अलीकडे कळलं. आपल्या संरक्षक पेशींना डी जीवनसत्त्व मिळालं की त्या जंतू मारणारी काही प्रथिनं तयार करतात. हे 2006 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं, तेही क्षयाच्या जंतूंच्या बाबतीत. क्षयरोग्यांना उन्हात बसवणारी आणि माशाचं तेल पाजणारी जुनी आरोग्यधामं अगदीच अंधारात चाचपडत नव्हती, असं त्यावरून म्हणता येईल.

आता पुणे जिल्ह्यातल्या इंदापूरला जाऊ. तिथल्या मुलांच्या एका रुग्णालयात झालेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालची 150 मुलं. त्यांतली 80 छातीच्या गंभीर संसर्गाने दाखल झालेली आणि 70 निरोगी, लस घ्यायला आलेली. मुडदूस बाहेरून कुणालाच दिसत नव्हता. रक्त तपासल्यावर मात्र दिसलं, की ज्या मुलांची पातळी साधारण नऊ नॅनोग्रॅमच्या वर होती त्यांच्यात गंभीर आजार फार कमी होता. पहिले चार महिने फक्त अंगावर पाजणं हीदेखील तशीच राखण करणारी गोष्ट ठरली. जगभर या विषयावर लिहिणारे लोक आजही या इंदापूरच्या अभ्यासाचा दाखला देतात.

इथेच थांबले असते तर पहिल्या गटाने टाळ्या वाजवल्या असत्या. पण आपल्या विज्ञानाच्या बाईंनी एक खोड लावली आहे. उत्तर बरोबर आलं तरी त्या विचारायच्या, "कशावरून?"

मृगाच्या आधी पावशा ओरडायला लागतो, "पेर्ते व्हा" म्हणतो, आणि पाऊस येतो. म्हणून पावशाने पाऊस आणला असं आपण म्हणत नाही. डीचं तसंच असू शकेल. जो माणूस वयस्क आहे, लठ्ठ आहे, मधुमेही आहे, घराबाहेर पडू शकत नाही, त्याची पातळी कमी असते. आणि त्यालाच संसर्ग जड जातो. मग दोष डीचा की बाकी सगळ्याचा? आणखी एक मेख आहे. आजारपणामुळेच ही पातळी खाली येते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर दोनच दिवसांनी रक्त तपासलं, तर पातळी बरीच घसरलेली आढळली. दोन दिवसांत त्या माणसांचं ऊन काही संपलं नव्हतं. शरीरात दाह झाला की हा आकडा आपोआप पडतो. त्यामुळे धाप लागलेल्या रुग्णाच्या रिपोर्टात सात किंवा आठ आकडा आला, तर तो आजाराचं कारण आहे की परिणाम, हे त्या कागदावरून सांगता येत नाही.

मग कळायचं कसं? एकच खात्रीचा मार्ग आहे. चिठ्ठ्या टाकून माणसांचे दोन गट करायचे. एकाला खरं औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. कुणाला काय दिलं हे त्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. शेवटी मोजायचं.

कोविडच्या काळात असं मोजलं गेलं. ब्राझीलमध्ये साओ पाउलोत दाखल झालेल्या 240 रुग्णांपैकी निम्म्यांना डी जीवनसत्त्वाचे दोन लाख युनिट एकदम दिले. रक्तातली पातळी छान वाढली. पण रुग्णालयात राहण्याचे दिवस तेवढेच राहिले आणि अतिदक्षता विभागात जाणाऱ्यांच्या किंवा दगावणाऱ्यांच्या संख्येतही खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही. ब्रिटनमध्ये 6,200 लोकांच्या चाचणीत पातळी तपासून, कमी असणाऱ्यांना सहा महिने रोज गोळ्या दिल्या. फरक नाही. नॉर्वेत 34 हजारांवर लोकांनी हिवाळाभर रोज चमचाभर तेल घेतलं, काहींनी कॉड माशाचं, काहींनी मक्याचं. तिथेही फरक नाही. अर्थात नॉर्वेतल्या बहुतेकांची पातळी मुळात बरी होती, हे लक्षात ठेवायला हवं.

हे मी एवढं सविस्तर का सांगते आहे, त्याला कारण आहे. आपल्या तुकडीतली एक मैत्रीण आज इथे बसली आहे. तिचे यजमान 2021 च्या लाटेत गेले. काही महिन्यांपूर्वी तिने मला फोन केला. गटावर आलेला एक निरोप वाचून तिने जुनी फाईल काढली होती. दाखल करतानाच्या रिपोर्टात डी जीवनसत्त्व सात. ती म्हणाली, "अगं, शंभर-दीडशे रुपयांच्या गोळ्या होत्या. मी आधी तपासून घेतलं असतं तर ते आज असते का?" तीन वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती. तिच्या परवानगीने सांगते, कारण हा प्रश्न फक्त तिचा नाही. आपल्यातल्या ज्यांनी ज्यांनी त्या दोन वर्षांत आई, वडील, भाऊ गमावला, त्यांच्यातल्या अनेकांकडे अशी एखादी फाईल आहे.

मी तिला जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. तो सातचा आकडा आजाराने खाली ओढलेला असू शकतो. रुग्णालयात डी दिलं असतं तर ते वाचले असते, असं ज्या चाचणीने नीट मोजलं तिला आढळलं नाही. आधीपासून गोळ्या चालू असत्या तरी निकाल बदलला असता, असंही मोठ्या चाचण्यांत दिसलं नाही. चिठ्ठ्या टाकण्याच्या याच पद्धतीने जून 2020 मध्ये इंग्लंडमध्ये कळलं की डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. स्वस्त औषध खरोखर गुणकारी असलं तर ही पद्धत ते शोधून काढते. डीच्या बाबतीत तसं सापडलं नाही. कुणाच्या हातून काही राहून गेलं म्हणून तो माणूस गेला नाही. त्या फायली आता बंद करा.

म्हणजे दुसरा गट जिंकला? सगळा धंदाच? तसंही नाही. कोविड सोडून एकूण सर्दी, फ्लू, न्यूमोनिया धरले, तर 2017 मध्ये 25 चाचण्यांतल्या सुमारे 11 हजार लोकांची माहिती एकत्र केली गेली. त्यात थोडा फायदा दिसला. ज्यांची पातळी दहा नॅनोग्रॅमच्याही खाली होती आणि ज्यांनी रोज किंवा दर आठवड्याला लहान मात्रा घेतली, त्यांना फायदा बराच दिसला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना दिसला नाही. पुढे चाचण्या वाढल्या तसा फायदा आकसत गेला. 2021 च्या बेरजेत, डी घेणाऱ्या शंभरातल्या 61 जणांना श्वसनाचा काही ना काही संसर्ग झाला आणि न घेणाऱ्या शंभरातल्या 62 जणांना. 2025 ची बेरीज म्हणते की उरलेला फरक निव्वळ योगायोगही असू शकेल.

या सगळ्यातून मला दिसतं ते आपल्या जुन्या म्हणीतच आहे. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. आजारी पडल्यावर डीचा मोठा डोस म्हणजे तसं खणणं. आणि ज्याची विहीर आधीच भरलेली आहे त्याने आणखी पाणी ओतून काही मिळत नाही. खरा प्रश्न उरतो तो विहीर अगदी कोरडी असणाऱ्यांचा. त्यांना थोडं थोडं, नियमित मिळायला हवं. हाडांसाठी आणि स्नायूंसाठी तर नक्कीच. छातीला झाला फायदा तर तो वरकड.

कोरडी विहीर कुणाची? तुम्हाला वाटेल कोकणात एवढं ऊन, इथे कशाला कमतरता? पण देशभरातल्या 2,119 डॉक्टर, परिचारिका आणि अशाच आरोग्यसेवकांची तपासणी झाली होती, 2012 मध्ये छापली गेली. त्यांतले 79 टक्के कमी निघाले. सल्ला देणारेच सावलीत! दिल्लीत त्याआधी सैनिक आणि डॉक्टर-परिचारिका यांची तुलना झाली होती. उन्हात राबणारे सैनिक त्यातल्या त्यात बरे, बाकीचे खाली. देश उन्हाचा आहे, माणसं उन्हातली राहिली नाहीत.

भूगोलाच्या सरांची आठवण काढून एक सोपा हिशेब सांगते. डी तयार करणारे किरण सूर्य डोक्यावर असताना पोचतात. खूण अशी: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर कातडीत डी बनतं, लांब असेल तर फारसं नाही. रत्नागिरी 17 अंश उत्तरेला. 22 डिसेंबरला, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशीसुद्धा, इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जवळजवळ 50 अंश वर असतो आणि सावली आखूड पडते. त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम 15 अंशांवर चढतो. ज्यांच्या मुली तिकडे आहेत त्यांनी ध्यानात घ्या. तिकडच्या हिवाळ्यात सावळ्या कातडीला उन्हातून जवळपास काहीच मिळत नाही. तिथलं सरकारच हिवाळ्यात रोज 400 युनिट घ्यायला सांगतं, आणि जे फारसे उन्हात जात नाहीत किंवा ज्यांची कातडी सावळी आहे त्यांना वर्षभर.

यातून आपला एक लाडका समजही मोडतो. सकाळी सातचं कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण त्यात डी बनवणारे किरण फार थोडे. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात तर नाहीतच. आपलं डी तयार व्हायचं ते मधल्या सुट्टीत मैदानावर, बाहेर या म्हणून कुणी सांगावं लागत नव्हतं तेव्हा. थंडीच्या दिवसांत अकरा ते दोनच्या दरम्यान, दंड-पोटऱ्या उघड्या ठेवून, पंधरा ते तीस मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा, एवढं बहुतेकांना पुरतं. चैत्र-वैशाखात वेळ कमी करा. भोवळ येईपर्यंत बसू नका. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ढग उघडत नाहीत. रक्तातला साठा दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येऊ लागतो. याच महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर फ्लूही वाढतो. पावशाची गोष्ट आठवा आणि लगेच निष्कर्ष काढू नका, कारण याच महिन्यांत आपण दारं लावून एकमेकांच्या तोंडाशी बसलेले असतो. तरी आगोटीची बेगमी करताना मे महिन्यातलं ऊनही गाठीला बांधलेलं बरं.

खाण्यातलं म्हणाल तर आपण भाग्यवान. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट माशांत डी असतं, आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर ते पापलेट-सुरमईच्या मानाने स्वस्त मिळतात. जुन्या माणसांना शार्क लिव्हर ऑइल आठवत असेल. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचं कॉडचं तेल यायचं थांबलं तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुशीच्या यकृताचं तेल काढायला लागले. त्यात 'ए' भरपूर, 'डी' बेताचंच, पण वास मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिला. शाकाहारी मंडळींना अन्नातून फारसं मिळत नाही. त्यांनी दुधाच्या पिशवीवर 'डी' घातल्याची खूण आहे का ते पाहावं.

आता गोळ्यांचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज 600 युनिट पुरतात. दुकानात मिळणारा सॅशे 60 हजारांचा. सोपा भागाकार करा, शंभर दिवसांचं एका घोटात. डॉक्टर कमतरतेसाठी तो आठवड्याला एक, असे काही आठवडे देतात आणि थांबवतात. आपण तीच जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षं घेत राहतो. माझ्याकडे असे रुग्ण येतात: उलट्या, बद्धकोष्ठ, बरळणं, आणि तपासलं तर रक्तात कॅल्शियम वाढलेलं, मूत्रपिंड दुखावलेलं. लाखांची इंजेक्शनं तर मागून घेऊच नका. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या 2,256 स्त्रियांच्या चाचणीत वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले. त्या गटात पडणं आणि हाडं मोडणं कमी होण्याऐवजी वाढलं.

प्रत्येकाने तपासणी करावी का? धडधाकट माणसाने उगाच करू नये, असं 2024 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. तीच तत्त्वं पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना तपासणीशिवायही लहान मात्रा सुचवतात. मुलांनाही सुचवतात, मुडदूस टाळण्यासाठी आणि कदाचित श्वसनाचे संसर्ग थोडे कमी व्हावेत म्हणून. तान्ह्या बाळाला पहिलं वर्षभर रोज 400 युनिटचे थेंब, हा आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचा नेहमीचा सल्ला आहे. नातवंडांच्या आया ते देत असतील तर "आमच्या वेळी नव्हतं असलं काही" म्हणू नका. आमच्या वेळी अंगण होतं. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

तेव्हा घरी गेल्यावर आधी आई-वडिलांकडे पाहा. आपले बहुतेकांचे आई-वडील ऐंशीच्या पुढे आहेत. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये असोत की इथल्या माजघरात, महिनोन्महिने उंबऱ्याबाहेर पडत नाहीत. त्यांना खुर्ची टाकून अकरा वाजता खळ्यात बसवा आणि शेजारी बसून गप्पा मारा. डी किती वाढेल ते वाढेल, गप्पा नक्की वाढतील. जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रोजची लहान गोळी द्या.

आणि फक्त डीवर हवाला ठेवू नका. छातीचा संसर्ग गंभीर होऊ नये म्हणून ज्यांचा पुरावा याहून कितीतरी भक्कम आहे त्या गोष्टी साध्या आहेत: साठीनंतर दरवर्षी फ्लूची लस, डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस, साखर आटोक्यात, विडी-सिगारेट बंद, स्वयंपाकघरातल्या चुलीच्या धुराला वाट. आणि तापाबरोबर धाप लागली तर गटावर निरोप टाकण्याआधी डॉक्टरांकडे जाणं.

सरांनी आणि बाईंनी आम्हाला उत्तरं पाठ करायला लावली, पण त्याचबरोबर "कशावरून?" विचारायलाही शिकवलं. उत्तरं बरीचशी विसरलो, प्रश्न टिकला. पुढचा निरोप पुढे पाठवण्याआधी तो एकदा विचारा, एवढीच विनंती.

घड्याळ सांगतंय माझी वीस मिनिटं झाली. बाहेर अंगणात चहा मांडला आहे आणि सावल्या अजून आखूड आहेत. चला, तिथेच बोलू.